वापरलेले पिक अँड प्लेस मशीन आणि हवेतले पाणी : कॉम्प्रेसर, ड्रायर व पाइपिंगबद्दल सल्ला हवा

गाळा नंबर सात (उद्यमबाग, बेळगाव)

सर्व जाणकारांना नमस्कार. शेतीपंपाच्या ऑटो स्टार्टरमध्ये बसणारी कंट्रोल कार्डे आम्ही आजवर हाताने भाग बसवून तयार करत होतो. मागणी वाढली, आणि ०६०३ या अतिशय लहान आकाराचे रेझिस्टर दिवसभर चिमट्याने ठेवणाऱ्या मुलींच्या डोळ्यांवर ताण येऊ लागला, म्हणून यंदा चार हेडचे एक वापरलेले पिक अँड प्लेस मशीन (व्हॅक्यूमने भाग उचलून कार्डावर ठेवणारे) घेतले. मे महिन्यात रोज दोन-अडीच तास चाचणी घेतली, तेव्हा काहीच तक्रार नव्हती. जूनमध्ये मशीनभोवती पार्टिशन घालून एसी बसवला, पूर्ण पाळी सुरू केली, त्याच आठवड्यात पाऊसही लागला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला आहे.

सकाळी नऊ ते अकरा मशीन व्यवस्थित चालते. अकरानंतर भाग उचलताना चुका होऊ लागतात, व्हॅक्यूम कमी असल्याची सूचना येते, आणि दुपारी तर दर दहा मिनिटांनी मशीन थांबते. भाग उचलणारे नोझल काढून धुतले, भाग पुरवणारे फीडर बदलून पाहिले, फरक पडला नाही. काल मशीनच्या मागचा फिल्टर तपासला, तेव्हा त्याच्या पारदर्शक बाउलमध्ये दोन बोटे पाणी साचलेले होते, आणि तेही स्वच्छ नव्हे, तर ताकासारखे पांढरट व तेलाचा वास येणारे. फिल्टरच्या पुढची निळी नळी काढून तिच्या तोंडासमोर तळहात धरला, तर हातावर बारीक थेंब उडाले.

सध्या आमच्याकडे पट्ट्यावर चालणारा ३ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर आणि १६० लिटरची टाकी आहे. हा संच पूर्वीपासून जॉब साफ करण्याच्या एअर गनसाठी वापरात होता आणि अजूनही त्याच लाइनवर दोन गन आहेत. कॉम्प्रेसर ५ बारला सुरू होतो आणि ७ बारला बंद होतो. टाकीपासून मशीनपर्यंत अर्ध्या इंचाची १८ मीटर जीआय पाइप आहे, आणि मशीनजवळ फिटरने नेहमीचा एफआरएल संच (फिल्टर, रेग्युलेटर आणि हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर) बसवून ल्युब्रिकेटरमध्ये तेल भरून दिले आहे. हवेतली वाफ काढणारा ड्रायर नाही. ज्यांनी मशीन विकले ते म्हणतात, पावसाळ्याचा दोष आहे, मोठा फिल्टर लावा. ऑइल-फ्री कॉम्प्रेसर घ्यावा की आहे त्यालाच ड्रायर जोडावा, आणि किती मोठा, हे ठरवण्यासाठी आपले मार्गदर्शन हवे आहे.

सोल्डर आणि चिमटा (टिळकवाडी)

बाकीची चर्चा नंतर होईल, आधी एक काम आजच करा : तो ल्युब्रिकेटर लाइनमधून काढून टाका, फक्त तेल रिकामे करून भागणार नाही. उद्यमबागेतल्या फिटरची चूक नाही, कारण मशीन शॉपमधल्या जुन्या सिलिंडरांना आणि एअर ग्राइंडरला तेल लागते आणि त्यांचा हात त्याच सवयीचा असतो. भाग बसवणाऱ्या मशीनला मात्र हवेतून तेल अजिबात द्यायचे नसते. व्हॅक्यूम तयार करणाऱ्या इजेक्टरमध्ये एक मिलिमीटरच्या आसपास भोक असते, त्यातून तेलाचा धुरळा सतत जातो आणि त्यावर धूळ चिकटून भोक आकसते.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नोझल भाग उचलताना हवा ओढते, पण भाग ठेवताना त्याला सोडवण्यासाठी उलटा हलका फुंकर मारते. हवा ओली आणि तेलकट असेल, तर तो फुंकर नुकत्याच छापलेल्या सोल्डर पेस्टवर बसतो. लहान कॅपॅसिटर जागेवरून सरकतो आणि भाग जिथे जोडला जातो त्या पॅडवर तेलाचा सूक्ष्म थर राहतो, म्हणजे आज जो दोष उचलण्यात दिसतो आहे, तोच उद्या सोल्डरच्या जोडात दिसेल. या आठवड्यात तयार झालेली कार्डे भिंगाखाली एकदा तपासून मगच पुढे पाठवा, ही कळकळीची विनंती.

मशीनच्या आतील इजेक्टर आणि त्याच्यापुढची छोटी पांढरी फिल्टर काडी काढून पाहा. ती पिवळी किंवा करडी झाली असेल तर धुवत बसू नका, नवीन घाला. इजेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन कोरड्या हवेने फुंकून बसवता येतो. मशीनच्या माहितीपुस्तकात हवेचा दाब आणि लिटर प्रति मिनिट असा खप दिलेला असेल, तो आकडा इथे कळवा.

गाळा नंबर सात

आभारी आहे. ल्युब्रिकेटर काढला. पुस्तकात दाब ०.५ मेगापास्कल दिला आहे, खपाचे पान फाटलेले आहे. चार हेडना चार स्वतंत्र इजेक्टर आहेत आणि त्यांच्या आतल्या भोकाचा व्यास १ मिलिमीटर असल्याचे त्यांच्यावरील खुणेवरून दिसते. फिल्टर काड्या चारही पिवळ्या निघाल्या.

हवेचा हिशेब (मच्छे)

पान फाटले असले तरी इजेक्टरचा व्यास कळला, तेवढ्यावर हिशेब करता येतो. ०.५ मेगापास्कल म्हणजे ५ बार. या दाबाला १ मिलिमीटरचा इजेक्टर चालू असताना मिनिटाला साधारण ५० लिटर मोकळी (न दाबलेली) हवा खातो, म्हणजे चार मिळून २०० लिटर. (व्यास ०.७ असता तर खप निम्म्यावर आला असता, म्हणून वापरलेले मशीन घेताना ही खूण आवर्जून पाहावी.) २०० लिटर म्हणजे सुमारे ७ सीएफएम (घनफूट प्रति मिनिट). तुमच्या ३ एचपी पिस्टन कॉम्प्रेसरच्या पाटीवर बहुधा १० किंवा ११ सीएफएम लिहिलेले असेल, पण तो आकडा पिस्टन किती जागा झाडतो याचा असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा, जिला एफएडी म्हणतात, ती पिस्टन कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असते. म्हणजे तुमचा कॉम्प्रेसर जेमतेम ७-८ सीएफएम देतो, मशीन ७ खाते, आणि त्यावर दोन एअर गन आहेत. तो दिवसभर थांबतच नसणार. कृपया सांगा, दुपारी टाकीला हात लावून पाहिला आहे का?

पावसाबद्दल माझे मत तुमच्या विक्रेत्यापेक्षा वेगळे आहे आणि ते नीट मांडतो, कारण इथेच पुष्कळांचे पैसे चुकीच्या वस्तूवर जातात. एक घनमीटर हवेत मावू शकणारी वाफ तापमानावर ठरते, दाबाने त्यात फरक पडत नाही : २४ अंशांना सुमारे २२ ग्रॅम, ३० अंशांना ३०, ४० अंशांना ५१, आणि ३ अंशांना फक्त ६ ग्रॅम. ७ बार आणि बाहेरच्या हवेचा १ बार धरून कॉम्प्रेसर आठ घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबतो, पण आठांची वाफ त्या एकात मावत नाही, आणि जी मावत नाही तिचे पाणी होते. पावसाळ्यात २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेला बाहेरच्या हवेत घनमीटरमागे २१ ग्रॅम वाफ असते. तुम्ही तासाला १२ घनमीटर हवा ओढता, म्हणजे अडीचशे ग्रॅम पाणी आत घेता. दाबल्यावर तिची दीड घनमीटर हवा होते.

आता टाकी ३० अंशांवर असेल तर त्या दीड घनमीटरमधून ४५ ग्रॅम वाफ पुढे पाइपमध्ये जाते. टाकी तापून ४० अंशांवर गेली की ७७ ग्रॅम जाते. तुमची एसी खोली २४ अंशांवर आहे, तिथे त्या हवेत ३३ ग्रॅमच मावते. उरलेले सकाळी १२ ग्रॅम, आणि दुपारी ४४ ग्रॅम, पाइपच्या शेवटच्या टप्प्यात आणि मशीनच्या आत पाणी होऊन पडते. तुमचे मशीन अकरा वाजता का बिघडते, याचे उत्तर यात आहे. तोपर्यंत टाकी थंड असते आणि बहुतेक पाणी टाकीतच पडते, नंतर टाकी वाफ रोखू शकत नाही आणि पाणी पडण्याची जागा सरकत सरकत एसी खोलीत जाते. मे महिन्यात तुम्ही दोन तास चालवत होता, टाकी तापत नव्हती आणि एसीही नव्हता, म्हणून पाणी दिसले नाही.

फिल्टर कितीही मोठा लावला तरी तो थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. वाफ फिल्टरमधून निघून जाते आणि पुढे थंड जागी थेंब होते. म्हणून ड्रायर हवाच, आणि तो एसी खोलीच्या बाहेर, टाकीनंतर हवा.

सौर पंप (अथणी)

आमच्या भागात पाऊस कमी, हवा कोरडी. उन्हाळ्यात आमच्याकडे ४० अंश तापमान आणि आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत खाली जाते. आम्हीही एक छोटे असेंब्ली युनिट उभारण्याच्या विचारात आहोत. पूर्वेकडील तालुक्यांत ड्रायरचा खर्च वाचवता येईल असे वाटते. हे बरोबर आहे का?

हवेचा हिशेब (मच्छे)

आपल्याच आकड्यांवर पाहू. ४० अंशांना पूर्ण भरलेल्या हवेत ५१ ग्रॅम, त्याचे २० टक्के म्हणजे १० ग्रॅम. आठपट दाबल्यावर एका घनमीटरात ८० ग्रॅम होतात आणि ४० अंशांच्या टाकीत मावतात ५१. म्हणजे अथणीच्या कडक उन्हाळ्यातही टाकीत पाणी पडणार आणि टाकीतून बाहेर पडणारी हवा वाफेने काठोकाठ भरलेलीच असणार. आणि जी आधीच काठोकाठ भरलेली आहे, ती मुसळधार पावसाच्या कणकुंबीतली असो वा अथणीतली, २४ अंशांच्या खोलीत सारखेच पाणी सोडते. पावसाळी भागात टाकीचा ड्रेन अधिक वेळा सोडावा लागतो, एवढाच काय तो फरक. उलट आपल्याकडे टाकी अधिक तापेल, म्हणून ड्रायरची गरज थोडी जास्तच म्हणावी लागेल. खर्च वाचवायचा असेल तर कॉम्प्रेसर सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा, आणि त्याचा श्वास घेण्याचा पाइप पत्र्याच्या शेडमधून बाहेर, धुळीपासून उंच घ्या.

शांत लॅब (खानापूर रोड)

मी प्रोटोटाइप कार्डे करतो आणि १ एचपीचा ऑइल-फ्री कॉम्प्रेसर, दातांच्या दवाखान्यात असतो तसा, गेली चार वर्षे वापरतो आहे. तेलाची कटकट नाही आणि आवाजही कमी. धागाकर्त्यांनी असे दोन घ्यावेत असे मी सुचवीन.

हवेचा हिशेब (मच्छे)

तुमच्या कामासाठी ती निवड योग्यच आहे, कारण तुमचे मशीन दिवसातून तास-दोन तास चालत असणार, आणि अशा लहान टेबलावरच्या मशीनमध्ये व्हॅक्यूमसाठी आतच विजेचा पंप असतो, त्यामुळे हवेचा खप फार कमी असतो. पूर्ण पाळीत २०० लिटर खाणाऱ्या मशीनसाठी मात्र मी ती सुचवणार नाही. ऑइल-फ्री पिस्टनच्या रिंगा कोरड्या घासतात, सतत चालवल्या तर लवकर झिजतात, आणि मुख्य म्हणजे ऑइल-फ्री म्हणजे पाणी-फ्री नव्हे. वरच्या हिशेबातला एक ग्रॅमही त्याने कमी होत नाही. तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरचे तेल चांगल्या कोअलेसिंग फिल्टरने (तेलाचे सूक्ष्म थेंब एकत्र करून अडवणाऱ्या) ०.०१ मिलिग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत खाली आणता येते, आणि आयएसओ ८५७३-१ या मानकात तेलाचा पहिला वर्ग नेमका तोच आहे. अट एवढीच की फिल्टरला थंड हवा मिळाली पाहिजे. गरम हवेत तेलही वाफेच्या रूपात असते आणि तेही फिल्टरमधून निसटते.

आता धागाकर्त्यांसाठी आकार ठरवू. इजेक्टरचे २००, फीडर व सिलिंडरचे अंदाजे २०, गळतीसाठी २०, असे २४० लिटर धरा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून तेवढीच हवा मिळवण्यासाठी कॉम्प्रेसरला २६० लिटर ओढावे लागतात. कोईमतूर किंवा पुण्याच्या कॅटलॉगवरून निवड करताना आपल्याकडचे लोक हे विसरतात. पिस्टन कॉम्प्रेसरला विश्रांती हवी, तो वेळेच्या दोन तृतीयांशच चालावा, म्हणून २६० ला दोन तृतीयांशाने भागा. एफएडी ३९० लिटर, म्हणजे १४ सीएफएम लागते. पाटीवर २० सीएफएमच्या आसपास असलेला ५ एचपीचा कॉम्प्रेसर यात बसतो. विक्रेत्याकडून ७ बारला एफएडी किती, हे लेखी घ्या. दुसरी पाळी सुरू करण्याचा विचार असेल तर मात्र स्क्रू कॉम्प्रेसरची चौकशी करा, कारण तो सतत चालण्यासाठीच बनलेला असतो.

टाकी लहान ठेवू नका. ६ बारला सुरू आणि ८ बारला बंद असे ठेवले, तर २२० लिटरची टाकी मोटरला तासाला बारा वेळा सुरू करील आणि ५०० लिटरची टाकी पाच वेळाच. मोठ्या टाकीत हवा थांबते, थंड होते आणि पाणी तिथेच सोडते, हा दुसरा लाभ. तिसरा लाभ आपल्या भागात महत्त्वाचा आहे : वीज गेली आणि मशीन यूपीएसवर असेल, तर टाकी ७ वरून साडेपाच बारला येईपर्यंत तीन मिनिटे मिळतात, हातातले कार्ड पूर्ण होते. टाकी ८ बारच्या कामकाजासाठी तपासून घेतलेली असावी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह खरोखर उडतो की नाही, हे स्वतः पाहावे.

५ बारला कॉम्प्रेसर सुरू होणे ही तुमच्या सध्याच्या मांडणीतली मोठी चूक आहे. टाकीत ५ असताना, १८ मीटर पाइप आणि भरलेला फिल्टर ओलांडून, मशीनला साडेचारच मिळत असणार.

ड्रायर रेफ्रिजरेटेड, म्हणजे हवा थंड करून पाणी काढणाऱ्या प्रकारचा घ्या, ज्याचा दाबाखालील दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो) ३ अंश असतो. ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा, उणे ४० अंश दवबिंदूचा ड्रायर इथे लागत नाही, कारण आपल्या कोणत्याही खोलीचे तापमान ३ अंशांखाली जात नाही. शिवाय दाणे वाळवण्यासाठी साधारण १५ टक्के हवा वाया घालवावी लागते. मात्र ड्रायरच्या पाटीवरील क्षमता बहुधा ३५ अंशांच्या येणाऱ्या हवेसाठी आणि २५ अंशांच्या खोलीसाठी असते. उद्यमबागेतल्या पत्र्याखाली एप्रिलमध्ये ती बरीच घटते. तापमानानुसार क्षमता किती घटते याचा तक्ता मागून घ्या आणि २० ते २५ सीएफएमचा ड्रायर निवडा. ड्रायरच्या आधी एक मायक्रॉनचा फिल्टर आणि नंतर ०.०१ मायक्रॉनचा, हा क्रम उलटा करू नका.

गाळा नंबर सात

टाकीला आज दुपारी दोन वाजता हात लावला, पाच सेकंदांच्या वर ठेवता आला नाही. कॉम्प्रेसर खरोखरच थांबत नव्हता. आपला हिशेब वाचल्यावर काय घडते आहे ते पहिल्यांदा समजले, मनापासून धन्यवाद, काका. आता पाइपिंगबद्दल विचारतो. शेजारच्या गाळ्यात पाण्याच्या पीव्हीसी पाइपमधूनच हवा नेलेली आहे, स्वस्त पडते आणि गंजत नाही. ते चालेल का?

निपाणी वर्कशॉप

पीव्हीसी नको. कोणी कितीही स्वस्त सांगितला तरी नको. पाण्याची पाइप फुटली तर पाणी वाहते, हवेची पाइप फुटली तर तिचे तुकडे होऊन सुऱ्यांसारखे उडतात. वीस-बावीस वर्षे मी कॉम्प्रेसर लाइन टाकण्याचे आणि दुरुस्तीचे काम करतो आहे. एका शेडमध्ये टाकीजवळचा पीव्हीसीचा कोपर उन्हाळ्यात मऊ पडून फुटला, तेव्हा त्याचा हाताच्या तळव्याएवढा तुकडा समोरच्या पत्र्यात रुतलेला मी स्वतः ओढून काढला आहे. तिथे दहा मिनिटांपूर्वी एक मुलगा बसून डबा खात होता. म्हणून हे ठामपणे सांगतो.

जीआय पाइप मजबूत असते, पण आतून गंजते आणि गंजाचे पापुद्रे पुढे जातात. ड्रायरपर्यंत ती चालेल. ड्रायरनंतर ॲल्युमिनियमची तयार पाइप सर्वांत चांगली, ती महाग वाटली तर स्टेनलेस. मशीनजवळच्या शेवटच्या दोन मीटरसाठी १२ मिलिमीटरची पीयू (पॉलियुरेथेन) नळी वापरा. ८ मिलिमीटरची नको, कारण तिच्या आतला व्यास ५ च निघतो. मुख्य लाइन एक इंचाची टाका, १८ मीटरसाठी ती मोठी वाटेल, पण पुढे पेस्ट छापण्याचे मशीन आणि कन्व्हेयर येणारच आहेत.

लाइनला वाहण्याच्या दिशेने उतार द्या, मीटरला एक सेंटिमीटर पुरतो, म्हणजे अठरा मीटरमध्ये एक वीत. मशीनसाठीचा फाटा मुख्य पाइपच्या खालून काढू नका, वरून काढून हंसाच्या मानेसारखा वळवून खाली आणा, म्हणजे तळाशी वाहणारे पाणी फाट्यात शिरत नाही. लाइनच्या शेवटी वीतभर पाइप खाली सोडून तिला बॉल व्हॉल्व्ह लावा. ड्रायर बसवल्यावरही हे करा, कारण ज्या दिवशी ड्रायर बंद पडेल त्या दिवशी हीच वीतभर पाइप मशीन वाचवील. ड्रायरला वळसा घालणारा बायपास ठेवतात, तो असावा, पण त्याच्या व्हॉल्व्हची मूठ काढून मालकाच्या खिशात असावी.

कॉम्प्रेसर आणि टाकी यांमधल्या नळीला गरम हवा थंड करणारा, पंखे असलेला आफ्टरकूलर बसवून घ्या, फार मोठा खर्च नाही. आणि कॉम्प्रेसर मशीनच्या भिंतीला लागून ठेवू नका. फाउंड्रीजवळ गाळा असेल तर वाळूची बारीक धूळ हवेत असतेच, तेव्हा इनटेक फिल्टर दर पंधरवड्याला झटका. मशीनजवळच्या फिल्टरचा पारदर्शक बाउल थिनरने कधीही पुसू नका. तो पॉलिकार्बोनेटचा असतो, थिनरने आणि काही सिंथेटिक कॉम्प्रेसर तेलांनीही त्याला केसासारख्या भेगा जातात आणि दाबाखाली तो फुटतो. साबणाचे पाणी पुरे, आणि बाउलवर धातूची जाळी असलेलाच फिल्टर घ्या.

नवीन काही विकत घेण्याआधी आहे त्या लाइनची गळती मोजा. सायंकाळी सर्व बंद करून टाकी ७ बारला भरा, कॉम्प्रेसर बंद करा, मशीनचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि काटा ७ वरून ६ वर यायला किती मिनिटे लागतात ते पाहा. टाकीचे लिटर भागिले मिनिटे, एवढी तुमची गळती.

गाळा नंबर सात

मोजली. चार मिनिटांत एक बार उतरला, म्हणजे १६० भागिले ४, मिनिटाला ४० लिटर. मशीनच्या खपाचा पाचवा भाग आम्ही रात्रंदिवस शेडमध्ये सोडून देत होतो. ब्रशने साबणाचा फेस लावत गेलो, तेव्हा एका जुन्या क्विक कपलरवर आणि पाइपच्या दोन युनियन जोडांवर फेसाचे फुगे उठले. तिन्ही दुरुस्त केल्यावर तोच एक बार उतरायला सोळा मिनिटे लागली.

सोल्डर आणि चिमटा (टिळकवाडी)

फार छान. १ मिलिमीटरच्या एका भोकातून ७ बारला मिनिटाला ७० लिटरपर्यंत हवा जाते, त्यामुळे हे मोजमाप दर तीन महिन्यांनी करत राहा. आणि एअर गनची लाइन मशीनच्या लाइनपासून वेगळी करा. कोणी गन दाबली की दाब क्षणभर बसतो, आणि नेमके त्याच क्षणी नोझलच्या टोकावर भाग असेल तर तो सुटतो.

गाळा नंबर सात

दीड महिन्याने लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. ५ एचपीचा कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर, ५०० लिटरची टाकी, दोन फिल्टर आणि २५ सीएफएमचा रेफ्रिजरेटेड ड्रायर बसवला. जुना ३ एचपीचा संच फक्त एअर गनसाठी स्वतंत्र ठेवला आहे, आणि अडचणीच्या वेळी व्हॉल्व्ह फिरवून तो ड्रायरच्या आधी जोडता येतो. ॲल्युमिनियमची पाइप एकदम परवडली नाही, म्हणून ड्रायरनंतर स्टेनलेस टाकली आणि निपाणीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे उतार पाण्याच्या पातळीने तपासून घेतला. ड्रायर सकाळी मशीनच्या पंधरा मिनिटे आधी सुरू करतो, आणि वीज जाऊन आली तर तो लगेच न लावता पाच मिनिटे थांबतो.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक ड्रेनखाली प्लास्टिकची बाटली बांधून पाणी मोजले. एका पाळीत टाकीखाली दीड लिटरच्या आसपास पाणी निघते, ड्रायरखाली साधारण चारशे मिलिलिटर, आणि मशीनजवळच्या बाउलमध्ये काहीच नाही. आमची सर्वांत जुनी कामगार मुलगी रोज तो बाउल कोरड्या पांढऱ्या कापडाने आतून पुसून कापड मला आणून दाखवते. दुपारी दोन ते पाच या वेळेत मशीन आता उचलण्याच्या चुकीमुळे थांबत नाही.

एक अडचण आली ती सांगतो. टाकीखाली बसवलेला तरंग्याचा स्वयंचलित ड्रेन तिसऱ्या आठवड्यात गाळाने अडकला आणि कोणाच्या लक्षात आले नाही. टाकीतली पातळी वाढली आणि ड्रायरखालची बाटली दुपारपर्यंतच भरली, तेव्हा कळले. आता तिथे टायमरचा ड्रेन लावला आहे, तो दर दहा मिनिटांनी पाच सेकंद उघडतो, आणि शिवाय सायंकाळी हाताने ड्रेन सोडण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवले आहे.

शेवटचा प्रश्न उरला आहे. हे रोजचे पांढरट पाणी टाकायचे कुठे?

निपाणी वर्कशॉप

गटारात सोडू नका. त्यात कॉम्प्रेसरचे तेल मिसळलेले असते आणि आपल्या भागातले गटार शेवटी कुठल्या तरी शेताच्या बांधाला जाऊन मिळते. वीस लिटरच्या कॅनमध्ये झाकून साठवा, वर येणारे तेल वेगळे काढा, आणि वापरलेले तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे जळके ऑइल जाते त्याच वेळी हेही द्या. तेल सुटतच नसेल आणि पाणी दुधासारखेच राहत असेल, तर कॉम्प्रेसरमध्ये कोणते तेल घातले आहे ते कळवा. पाण्यापासून लवकर वेगळे होणारे कॉम्प्रेसर तेल मिळते, इंजिन ऑइल घातलेले असेल तर मात्र ते पाण्यात असेच विरघळल्यासारखे राहते.

गाळा नंबर सात

डबा पाहून आलो. इंजिन ऑइलच आहे. रविवारी बदलतो आणि पाण्यात काय फरक पडतो ते इथेच कळवतो.